रेव्हरंड टिळकांचे दोन त्याग

आळंदीची एक गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. विठ्ठलपंतांचे मन संसारात रमत नव्हते. ते काशीला गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. घरी रुक्मिणीबाई एकट्या राहिल्या. पुढे गुरूंना कळले, की या शिष्याची बायको आळंदीत दिवस मोजते आहे. तेव्हा त्यांनी विठ्ठलपंतांना घरी परत पाठवले. त्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही मुले झाली आणि संन्याशाचा पुन्हा झालेला गृहस्थ म्हणून या कुटुंबाला गावाने वाळीत टाकले.

कीर्तनकार ही गोष्ट सांगतात आणि ज्ञानेश्वरांकडे वळतात. ते साहजिकही आहे. पण रुक्मिणीबाईंची ती मधली वर्षे कशी गेली असतील? घरात काय बोलणी झाली असतील, शेजारणी काय म्हणाल्या असतील? ते आपल्याला ठाऊक नाही, कारण तिचे म्हणणे कोणी लिहून ठेवलेले नाही.

पुढे सहाशे वर्षांनी महाराष्ट्रात अशीच एक गोष्ट पुन्हा घडली. पुरुष घर सोडून देवाच्या मागे गेला आणि बायको मागे राहिली. या वेळी मात्र त्या बाईने सगळे लिहून ठेवले. ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक, आणि तो पुरुष म्हणजे नारायण वामन टिळक. आज मला या टिळकांच्या त्यागाविषयी बोलायचे आहे. त्याग म्हणण्यापेक्षा दोन त्यागांविषयी म्हणू या. एक १८९५ सालचा आणि दुसरा १९१७ सालचा. पहिला सर्वांना माहीत आहे, दुसरा फारसा माहीत नाही. आणि माझ्या मते दुसऱ्याकडे पाहिल्याशिवाय पहिला नीट कळत नाही.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातल्या करजगावचा. लोकमान्य टिळक त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठे. आडनाव एक, दोघेही चित्पावन ब्राह्मण आणि दोघेही कोकणातले. एवढे सारखेपण सोडले तर दोघांच्या वाटा अगदी वेगळ्या. नारायणरावांचे वडील कडक स्वभावाचे. कवितेची गोडी मुलाला लागली ती आईकडून. आई लवकर गेली. मुलगा घराबाहेर पडला आणि नाशिकला येऊन शिकला. तिथेच नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांना दिली. लग्नात नवरी अकरा-बारा वर्षांची होती. सासरचे नाव लक्ष्मी.

हा माणूस एका जागी टिकणारा नव्हता. नोकरी धरायची आणि सोडायची. मनात आले की घरी न सांगता निघून जायचे. कधी शिक्षक, कधी संपादक, कधी कीर्तन, कधी पुराण. हातात पैसा राहत नसे, कारण समोर कोणी गरजू दिसला की तो पैसा त्याचा होत असे. नागपूरला श्रीमंत बुट्यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे धर्मविचाराचे मासिक चालवले. डोक्यात एकच विचार घोळत असे. या देशाला जातिभेदाच्या पलीकडे नेणारा धर्म कोणता? आपणच असा एखादा धर्म स्थापावा, असेही त्यांच्या मनात येऊन गेले होते.

१८९३ साली नोकरीच्या शोधात ते राजनांदगावकडे निघाले. आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. कवितेवरून गप्पा सुरू झाल्या, धर्मावर आल्या, आणि उतरताना त्याने टिळकांच्या हाती बायबलातला नवा करार ठेवला. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असेही म्हणाला. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते थांबले. त्यापुढचे वाचन हे निव्वळ वाचन राहिले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षे पुरती उलटायच्या आत.

आज आपण ‘धर्म बदलला’ असे दोन शब्दांत म्हणून टाकतो. त्या काळी या दोन शब्दांत काय काय जात असे, ते पाहायला हवे. जात गेली म्हणजे पंगत गेली, विहीर गेली. घरच्या स्वयंपाकघराची पायरी बंद झाली. आईबाप जिवंतपणी मुलाच्या नावाने स्नान करून मोकळे होत. आणि परतीची वाट जवळजवळ नव्हतीच. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडील कोर्टात गेले आणि मुलगा त्यांच्या ताब्यात मिळाला. पण कोर्टाने दिलेला मुलगा जात घेईना! बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या प्रायश्चित्ताचा पुरस्कार केला, तेव्हा शास्त्रीमंडळींत केवढे वादळ उठले. बाप्तिस्मा न घेतलेल्या एका पोराची ही कथा, तर घेतलेल्याची काय असेल?

इंग्रज सरकारने याबाबत दोन कायदे केले होते. १८५० च्या कायद्याने धर्म किंवा जात सुटली तरी वारसाहक्क सुटणार नाही, असे ठरवले. १८६६ च्या कायद्याने आणखी एक सोय केली. नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाल्यामुळे जोडीदार नांदायला येत नसेल, तर ख्रिस्ती झालेल्याने कोर्टात जावे. कोर्ट मुदत देईल, आणि तरीही जोडीदार आला नाही तर लग्न मोडून मिळेल. म्हणजे ज्याला मागचे सगळे पाश तोडून नव्या आयुष्याला लागायचे होते, त्याला कायद्याने कात्री हातात दिली होती.

टिळकांनी ही कात्री वापरली नाही. ही गोष्ट छोटी नाही. वय तेहतीस, समोर नवा समाज, नवे घर मांडण्याची मुभा. पण हा माणूस बायकोला पत्रे लिहीत राहिला आणि वाट पाहत राहिला.

आणि लक्ष्मीबाई? त्यांच्या माहेरची पार्श्वभूमी मुद्दाम सांगायला हवी. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिले. या धक्क्याने जावयाच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला. घरात शिरलेल्या शिपायांच्या स्पर्शाने सगळे बाटले, असे त्यांनी घेतले. तेव्हापासून घरात सोवळ्याचे वेडच शिरले. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. मुलींना मोकळेपणाने खेळायची सोय नाही. अशा घरात वाढलेल्या बाईचा नवरा ख्रिस्ती झाला! विटाळ कशाकशाचा होतो हे ज्या घरात दिवसभर मोजले जाई, त्या घरच्या मुलीच्या कपाळी सर्वांत मोठा विटाळ आला.

नवरा जिवंत आणि तरी नाही. सौभाग्य आहे म्हणावे तर संसार नाही. अंगावर चार वर्षांचा दत्तू. लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने राहिल्या. काही काळ माहेरी, बराच काळ पंढरपूरला. माणसे चांगली होती, त्यांनी सांभाळले. पण दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या बाईचे ओझे तिचे तिलाच ठाऊक असते. येणारा-जाणारा कीव करतो, आणि कीव करता करता नवऱ्याबद्दल चार शब्द बोलून जातो. त्या नवऱ्याला दोष देता येत नाही, कारण जीव त्याच्यावर आहे. त्याचे समर्थनही करता येत नाही, कारण ते पटत नाही.

इथे आपण क्षणभर थांबू या. ख्रिस्ती परंपरेत त्यागाची शिकवण फार ठळक आहे. कोळ्यांनी जाळी टाकली आणि ते ख्रिस्ताच्या मागे गेले. श्रीमंत तरुणाला सांगितले गेले, की आहे ते विकून दे आणि ये. घरदार, आईबाप, बायकोमुले यांच्यावरची ओढसुद्धा या मार्गात आड येता कामा नये, असे शुभवर्तमान सांगते. टिळकांनी हे अक्षरशः केले. पण त्यांनी सोडले ते काय? पैसा त्यांच्याकडे नव्हता. मान सोडला, जात सोडली, हे खरे. पण सर्वांत मोठी वस्तू जी गेली ती लक्ष्मीबाईंचे आयुष्य, आणि ते त्यांच्या एकट्याच्या मालकीचे नव्हते. माणूस स्वतःची वस्तू देतो तेव्हा आपण त्याला दान म्हणतो. दोघांच्या सामाईक खात्यातून एकाने न विचारता उचल केली, तर तिला काय म्हणायचे?

हा प्रश्न टिळकांनाच लागू होतो असे नाही. ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळक गेले, त्या मिशनचा पायाच अशा निरोपांवर उभा होता. गॉर्डन हॉल हा तरुण १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरला. कंपनी सरकारने त्याला कलकत्त्याहून निघून जायला सांगितले होते, आणि मुंबईतही त्याला राहू द्यावे की नाही याचा घोळ बरेच दिवस चालला. तो चिकाटीने राहिला, मराठी शिकला, शाळा काढल्या, बायबलच्या भाषांतराला हातभार लावला. मुलांना इथली हवा मानवेना, म्हणून १८२५ साली त्याने पत्नीला आणि दोन मुलांना अमेरिकेच्या जहाजात बसवले. आपण मात्र काम टाकून गेला नाही. त्या दोन मुलांपैकी एक वाटेतच, समुद्रावर गेले. पुढच्या वर्षी, मार्च १८२६ मध्ये हॉल नाशिकच्या बाजूला गेला असता तिकडे पटकीची साथ होती. जवळची औषधे संपेपर्यंत त्याने ती वाटली आणि तो परत फिरला. वाटेत त्यालाच पटकीने गाठले. २० मार्चला एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर त्याचा अंत झाला. जवळ होती ती फक्त बरोबरची दोन मुले. त्याच वर्षी मराठी नवा करार पूर्ण छापून झाला.

हॉलच्या चरित्रात हे सगळे भक्तिभावाने सांगितलेले असते, आणि ते तसे आहेही. पण जहाजावर एक मूल गमावलेली आणि किनाऱ्याला लागल्यावर काही महिन्यांनी विधवा झाल्याची बातमी ऐकणारी मार्गारेट हॉल, तिच्या त्यागाचे काय? ती कोणत्याही अर्थाने कमी मिशनरी नव्हती. फक्त तिचे नाव सनावळीत येत नाही.

लक्ष्मीबाईंकडे परत येऊ. काही वर्षांनी त्या टिळकांकडे आल्या. ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवून आल्या. टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. एका घरात दोन धर्म, दोन चुली. मग हळूहळू काहीतरी बदलत गेले. त्यांनी जातिभेदावर स्वतःशी विचार केला. देवाने माणसे केली, जाती कोणी केल्या? एकदा हा प्रश्न मनात आला आणि मग लहानपणापासून अंगात मुरलेले सोवळे त्यांनी सोडले. कोणाच्याही हातचे पाणी प्यायच्या. वडिलांच्या घरातल्या त्या धुण्यापुसण्याच्या पसाऱ्यातून ही बाई आपल्या पायांनी बाहेर पडली. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार त्यानंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. टिळकांचे मन एका पुस्तकाने पेटले आणि त्यांनी उडी घेतली. लक्ष्मीबाई एकेक पायरी उतरत आल्या. प्रत्येक पायरीवर थांबल्या, भांडल्या, रडल्या, हसल्या आणि पटले तेव्हाच पुढे गेल्या. आसक्ती सोडणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते? त्यांच्या त्यागात दुसऱ्या कोणाच्या खात्यातून उचल नव्हती.

पुढची सतरा-अठरा वर्षे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि राहुरी या परिसरात गेली. अमेरिकन मिशनचे नगरमधले काम १८३१ पासूनचे. तिथले डॉक्टर रॉबर्ट ह्यूम टिळकांचे मोठे आधार होते. टिळक धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले, पुढे पाळक झाले, ‘रेव्हरंड’ झाले. दुष्काळात आणि प्लेगात पोरकी झालेली मुले या घरात येत, राहत, मोठी होत. बालकवी ठोमरे याच घरात घरचे होऊन राहिले. आणि टिळकांनी एक मोठे काम केले. त्या वेळच्या मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर बसवलेली गीते म्हणत. शब्द मराठी, पण सूर परदेशी. टिळकांनी तिथे अभंग आणले, भजन आणले, टाळ आणि कीर्तन आणले. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या १८४२ साली सुरू झालेल्या जुन्या पत्राचा मराठी भागही ते सांभाळू लागले.

म्हणजे सगळे बरे चालले होते. बायको आली, मुलगा शिकला, नाव झाले, नियमाने पगार मिळू लागला. जन्मभर भटकलेल्या माणसाला पन्नाशीनंतर एक घर मिळाले होते. आणि इथेच दुसऱ्या त्यागाची गोष्ट सुरू होते.

मिशनचा कारभार कसा चाले, ते थोडक्यात सांगतो. पैसा बोस्टनहून येई. तिथली मुख्य संस्था तो इथल्या मिशनकडे पाठवी, आणि मिशन इथल्या हिंदी पाळकांना, शिक्षकांना, प्रचारकांना पगार देई. म्हणजे देवाचे काम करणारा मराठी माणूस रीतसर मिशनचा नोकर असे. यात वाईट हेतू नव्हता. माणसाने जात सोडली की पोटाचा व्यवसायही सुटे, तेव्हा त्याला भाकर द्यायलाच हवी होती. पण या सोयीतून दोन अडचणी उभ्या राहिल्या. आत पाहिले तर निर्णय साहेबाचा आणि राबणे आपले, अशी घडी बसली. बाहेर पाहिले तर तुम्ही ख्रिस्ताचे नाव घेता ते पगारासाठी, असे कोणीही सहज म्हणू शके. उपदेशकाला याचे उत्तर देणे अवघड होते, कारण पगार खरोखरच मिळत होता.

ज्या देशात गोसावी झोळी घेऊन दारात येतो आणि त्याच्या शब्दाला मान मिळतो तो त्याच्यापाशी काही नसते म्हणून, त्या देशात पगारी साधू कोणाला पटणार? टिळकांना हे आतून डाचत होते. वारकरी परंपरा त्यांच्या रक्तात होती. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही गोष्ट ऐकून वाढलेला हा माणूस. त्याला महिन्याच्या महिन्याला सही करून पैसे उचलताना काय वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

१९१७ साली टिळकांनी मिशनच्या पगारी नोकरीचा राजीनामा दिला आणि आपण संन्यासी झाल्याचे जाहीर केले. ख्रिस्ती संन्यासी! मिशनशी भांडून ते गेले नाहीत. ‘ज्ञानोदय’शी त्यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला. पण आता ते कोणाचे नोकर नव्हते. साताऱ्याला त्यांनी बिऱ्हाड केले आणि ‘देवाचा दरबार’ नावाची मंडळी जमवायला सुरुवात केली. या दरबाराची कल्पना त्या काळाच्या मानाने धाडसाची होती. ज्याला ख्रिस्ताचे शिष्य व्हायचे आहे, त्या कोणालाही तिथे जागा होती. त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. ज्या बाप्तिस्म्यासाठी टिळकांनी स्वतःचे घर उद्ध्वस्त होऊ दिले, तोच बाप्तिस्मा आता त्यांनी दाराची अट म्हणून काढून टाकला. चर्चमधल्या पुष्कळांच्या कपाळावर आठी पडली यात नवल नाही.

आता हे दोन त्याग शेजारी शेजारी ठेवून पाहा. १८९५ साली टिळकांनी माणसे सोडली. १९१७ साली त्यांनी माणसे सोडली नाहीत. लक्ष्मीबाई बरोबर होत्या, घर बरोबर होते. हा संन्यास घरात राहून घेतलेला होता. शास्त्राने पाहिले तर हे न बसणारे आहे, कारण संन्याशाला कसले घर? पण टिळकांनी या वेळी जे सोडले ते सगळे त्यांचे स्वतःचे होते. पगार, हुद्दा, उद्याची खात्री, संस्थेचे छत्र आणि आपल्या पंथाच्या कुंपणाचा अभिमानही. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. पगार सुटला की त्याची झळ चुलीलाही लागते, आणि चूल लक्ष्मीबाईंची होती. तेव्हा हाही त्याग पूर्णपणे एकट्याचा नव्हता. पण या वेळी त्यांना तो तारेने किंवा पत्राने कळला नाही. डोळ्यांसमोर घडला, आणि त्यात बोलायला त्या हजर होत्या. गप्प बसणाऱ्या बाई त्या नव्हेत, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको.

आसक्तीबद्दल आपला समज बहुधा असा असतो, की बायकोमुले ही आसक्ती आणि देवाचे काम म्हणजे तिच्यातून सुटका. टिळकांच्या आयुष्याने मला वेगळे शिकवले. देवाच्या कामातसुद्धा आसक्ती घर करते. संस्थेची, पदाची, आपण फार मोठे सोडून आलो आहोत या आठवणीची. ही ओळखणे जास्त अवघड, कारण ती भगव्या किंवा काळ्या झग्याच्या आत राहते आणि सेवा म्हणूनच मिरवते. बायको सोडणारे पुष्कळ झाले. मिशनचे काम करता यावे म्हणून मिशनची नोकरी सोडणारे फार थोडे.

टिळकांना त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय सत्तावन्न. दरबार दीड-दोन वर्षांचा, संस्थापकाभोवती उभा राहिलेला. त्याच्यामागे तो टिकला नाही. व्यवहाराच्या मापाने मोजले तर हा प्रयोग फसला.

पण तिथेच संपला असेही म्हणता येत नाही. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जॅक विन्स्लो नावाचे एक इंग्रज मिशनरी होते. त्यांनी १९२२ साली नगरलाच ख्रिस्त सेवा संघ नावाचा आश्रम काढला. बंगला सोडून, हिंदी आणि युरोपीय सभासदांनी एकत्र, साधेपणाने राहायचे, ही त्यातली कल्पना. पुढे हा संघ पुण्याला आला आणि त्यातच १९२७ साली व्हेरिअर एल्विन हा तरुण भारतात दाखल झाला. मध्य भारतातल्या आदिवासींमध्ये आयुष्य काढलेला, पुढे मिशनचे कामही सोडून देणारा एल्विन तो हाच. आणि मराठी चर्चमध्ये रविवारी आजही टिळकांची भजने म्हटली जातात. त्यासाठी कोणाला पगार द्यावा लागत नाही.

शेवटी एका ग्रंथाविषयी. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते. नाव ‘ख्रिस्तायन’. त्यांच्या हातून थोडेच अध्याय झाले. ते गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले. ज्या बाईचे शिक्षण नवऱ्याने घरी शिकवलेल्या अक्षरांपलीकडे फारसे गेले नव्हते, तिने बहुतेक सगळा ग्रंथ रचला. त्याच काळात ‘स्मृतिचित्रे’ लिहिली जात होती. तिचा पहिला भाग १९३४ साली आला. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, तेव्हा दोन्ही कामे थोडीथोडी राहिली होती. ती पुरी केली मुलाने. देवदत्त नारायण टिळकांनी, म्हणजे पंढरपुरात आईचे बोट धरून वाढलेल्या त्या दत्तूने.

लक्ष्मीबाईंना या आठवणी सांगताना तक्रार करायला पुष्कळ जागा होती. त्यांनी ती फारशी केलेली नाही. नवऱ्याच्या विसराळूपणाला त्या हसतात, त्याच्या हट्टावर रागावतात, आणि तो देवमाणूस होता हेही मनापासून सांगतात. मात्र एक गोष्ट त्यांनी केली. त्या पाच वर्षांचा हिशेब त्यांनी कोणालाही विसरू दिला नाही. कोण कुठे राहिले, कोणी काय म्हटले, कोणत्या रात्री झोप आली नाही, सगळे नोंदवून ठेवले. रेव्हरंड टिळकांच्या त्यागाला नमस्कार करायचा असेल, तर माझी विनंती एवढीच, की ते पुस्तक काढा आणि ती पाने आधी वाचा. मग नमस्कार करा. तो दोघांनाही पोचेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)